भट्टीपुढं नाव घ्यायचं नाही

आधीच सांगून ठेवते. या गोष्टीतली सगळी नावं मी बदलली आहेत.

गोष्ट खोटी आहे म्हणून नाही. खरी आहे म्हणून.

नावं का बदलली, ते वाचता वाचता तुम्हालाच कळेल.

आणि भुताची गोष्ट म्हटलं की रात्रीचे बारा, स्मशान, अमावास्या असलं काही डोळ्यांपुढं आणू नका. हे घडलं दिवेलागणीला. २०२२ चा नोव्हेंबर महिना. सडक अर्जुनी. घरात माणसं होती. हायवेवरून ट्रकांचा आवाज येत होता. शेजारच्या घरात टीव्ही चालू होता.

तरीही घडलं.

पुष्पांजली माझी नणंद. आमचं घर तिरोड्याचं. ती लग्न होऊन सडक अर्जुनीला कापगत्यांच्या घरी गेली. तिनं मला जे जसं सांगितलं, ते तसंच सांगते. शेवटचं थोडं मी स्वतः पाहिलेलं आहे.

कापगते मूळचे धान पिकवणारे. पण तिच्या नवऱ्याचे, म्हणजे हिमांशुचे खापरपणजोबा उमराव, तरुणपणी गोंदियाला स्टेशनाजवळच्या एका बेकरीत कामाला राहिले. इंग्रजांच्या काळातली गोष्ट. तिथून पाव करायचा शिकून गावी आले आणि घराच्या मागच्या अंगाला स्वतःच्या हातानं भट्टी बांधली. तेव्हापासून पाच पिढ्या तीच भट्टी. पाव, टोस, खारी, नानकटाई. जवळच्या कोहमाऱ्याच्या ढाब्यांवर सकाळी चहासोबत जो टोस मिळायचा, तो यांचाच.

भट्टी विटांची, घुमटासारखी. पुढचं तोंड एवढंसं, माणूस फार तर खांद्यापर्यंत आत शिरेल. त्यावर लोखंडी झाकण. आत मात्र खोलच खोल. आधी आत लाकडं जाळायची. विटा तापल्या की निखारे बाहेर ओढून घ्यायचे. मग लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं ट्रे आत सारायचे.

भट्टीची पाठ घराच्या मधल्या खोलीत यायची. थंडीत ती भिंत कोमट असायची. सगळं घर तिथंच झोपायचं.

त्या घरात एक रीत होती.

भट्टीच्या तोंडापुढं कोणाला नावानं हाक मारायची नाही.

लेकराला तर मुळीच नाही.

बेकरीत पाऊल टाकलं की घरातलं प्रत्येक लेकरू 'गुड्डू'. मुलगा असो, मुलगी असो. हिमांशु चौतिशीचा झाला होता, तरी त्याचे वडील उदाराम त्याला भट्टीवर 'गुड्डू' म्हणूनच बोलवायचे. पुष्पांजलीला आधी हसू यायचं. नंतर वाटायला लागलं, जुनी माणसं नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तसंच काहीतरी असेल.

एकदा तिनं सासऱ्यांना, तिच्या मामाजींना, विचारलं होतं.

त्यांनी फक्त सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत खाली ओढल्या. मे महिन्यात, भट्टीसमोर, ते पूर्ण बाह्यांचा सदरा घालत.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी उदाराम वारले. हार्ट अटॅक. भट्टी एकट्या हिमांशुवर आली.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री दंडारीचा नाचगाण्याचा खेळ नाही तर नाटक. मंडईत बेकरीचा माल भरपूर खपतो. त्या दिवशी हिमांशुनं दुपारीच भट्टी पेटवली, मैदा भिजवून ठेवला, आणि शेवटचं यीस्ट त्यात संपलं म्हणून मोटरसायकल घेऊन गोंदियाला गेला.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

"पुष्पा, कोहमाऱ्याच्या अलीकडे ट्रक उलटला. दोन्हीकडून जाम आहे. मी कवा येईन काही सांगता येत नाही."

"अन् पीठ? फुगून वर आलं ना ते!"

"राहू दे. फेकून दे सकाळी."

"उद्या मंडई आहे," ती म्हणाली. "मामाजी गेल्यावरची पहिली. माल नाही पोचला त लोक नागपूरचा पाकिटातला पाव घेतील. एकदा सवय लागली की संपलं."

"भट्टीवर तू नको जाऊ."

"काऊन?"

खरं सांगायचं तर त्यालाही माहीत नव्हतं. घरातल्या बायका भट्टीच्या तोंडाशी जात नाहीत, इतकंच तो लहानपणापासून ऐकत आला होता.

सासू सुशिलाबाई अंगणात बसल्या होत्या. गुडघे दुखायचे, फार उठता येत नव्हतं. त्यांनी पुष्पांजलीला पदर खोचताना पाहिलं.

"कोठी चालली व?"

"ट्रे लावून येते, आई."

सुशिलाबाईंनी नातीला जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "तू काही आयकनार नाहीस. जा. पोरीले मी धरून बसतो. पण तोंडानं नाव नको काढू तिचं. काही झालं तरी."

पोरगी म्हणजे टीना. तेव्हा पाच वर्षांची. पिवळा फ्रॉक, कपाळावर येणारे केस, आणि पायात भिंगरी.

पुष्पांजली भट्टीवर गेली. विटा मस्त तापल्या होत्या. तिनं लोखंडी आकड्यानं निखारे ओढायला सुरुवात केली. घाम डोळ्यांत जात होता. निखाऱ्यांचा ढीग पायाशी साचला. लालबुंद.

आणि मागं पावलं वाजली.

टीना आजीच्या हातून निसटून धावत आली होती. सरळ. निखाऱ्यांच्या दिशेनं.

आईच्या तोंडून काय निघणार?

"टीना! मागं हो! टीना!"

पोरगी जागच्या जागी थांबली. दोन बोटांचं अंतर राहिलं होतं.

पुष्पांजलीनं तिला छातीशी धरलं. आणि मग तिच्या लक्षात आलं...

आवाज थांबले होते.

निखारे तडतडत नव्हते. शेजारचा टीव्ही ऐकू येत नव्हता. हायवे गप्प. जणू कोणीतरी कान देऊन ऐकत होतं, आणि त्यासाठी बाकी सगळं बंद केलं होतं.

मग भट्टीच्या आतून...

"टीना..."

हळू. अगदी हळू.

पुष्पांजलीनं स्वतःला सांगितलं, घुमट आहे, आवाज घुमतो. माझाच आवाज परत आला.

पण घुमलेला आवाज इतक्या उशिरा येत नाही. आणि तो तिच्या आवाजासारखा नव्हता. नवीन शब्द शिकणारं लेकरू जसं जिभेवर घोळवून बोलतं, तसा होता.

पुढच्याच क्षणी निखारे तडतडले. टीव्ही ऐकू आला. ट्रकाचा हॉर्न वाजला. सगळं जसंच्या तसं.

तिनं टीनाला सासूकडं नेऊन दिलं. नाव घेतलं हे सांगितलं नाही. उगाच म्हातारीला घोर कशाला. परत येऊन कामाला लागली. पीठ वाट पाहत नाही.

पहिला ट्रे गेला. दुसरा गेला.

तिसरा ट्रे फावड्यावर ठेवून तिनं आत सारला... आणि फावडं हलकं झालं.

तिनं झटका दिलाच नव्हता. ट्रे खाली उतरवायला फावड्याला झटका द्यावा लागतो. इथं तो आपोआप उतरला. पलीकडून कोणी अलगद उचलून घ्यावा, तसा.

मोबाईलचा टॉर्च लावून ती वाकली.

दोन ट्रे जागेवर होते.

तिसरा पार शेवटच्या भिंतीला टेकला होता. फावड्याचा दांडा पोचत नाही, तिथं.

तिनं झाकण लावलं. अंगणात येऊन उभी राहिली. उरलेलं काम टाकून पळून जावं असं वाटत होतं. पण आत पीठ फुगत होतं, आणि उद्या मंडई. मनाचा हिय्या करून तिनं सगळा माल काढला. तो मागचा ट्रे आकड्याला बांबू बांधून ओढून आणला.

पाव छान भाजले होते. रंग सोनेरी.

फक्त त्या ट्रेमधल्या प्रत्येक पावावर एक खळगा होता. मधोमध. बोट रुतवल्यासारखा.

लहान बोट.

तिनं टीनाला विचारलं, "पिठाले बोट लावलं होतं का तू?"

"नाही."

"खरं सांग, मी मारत नाही."

"नाही लावलं, आई."

पुष्पांजलीनं तिचं बोट धरलं आणि पावावरच्या खळग्यात ठेवलं.

बरोब्बर बसलं. नखासकट.

तो ट्रे तिनं राखेच्या खड्ड्यात ओतला. हिमांशु उशिरा आला, माल तयार पाहून खूश झाला. दुसऱ्या दिवशी मंडईत सगळा खपला. तिनं कोणाला काही सांगितलं नाही.

त्यानंतर टीना भिंतीशी बोलायला लागली.

मधल्या खोलीतली ती कोमट भिंत. टीना तिला कान लावून बसायची. हसायची. कधी बोटानं टकटक करायची, आणि मग थांबायची... जणू उत्तर ऐकतेय.

"कोणाशी बोलते गं?"

"आतल्या पोरीशी."

"कोणती पोरगी?"

"तिले नाव नाही, आई. ती म्हणते, मी तुह्यंच नाव घेईन."

तिनं टीनाचं अंथरूण त्या खोलीतून हलवलं. हिमांशुला सांगितलं की पोरीला तिथं गरमी होते. पण दिवसा नजर चुकवून टीना तिथंच जाऊन बसायची. आणि एकदा कपडे घड्या घालताना पुष्पांजलीनं स्वतः ऐकलं...

टीना अंगणात खेळत होती. खोलीत कोणी नव्हतं.

टक. टक.

भिंतीच्या आतून. भट्टी पेटलेली असताना. आत जिथं लोखंड लाल होतं, तिथून.

मग ती संध्याकाळ आली.

चंद्र वर आला होता, पण अजून अंधार पुरता झाला नव्हता. हिमांशु टेम्पोत माल भरायला रस्त्यावर गेला होता. सुशिलाबाई टीनाला घेऊन शेजारच्या शामकलाबाईकडं बसायला गेल्या होत्या. पुष्पांजली चहाचं भांडं घासत होती.

"आई..."

तिनं वर पाहिलं.

"आई... मले काढ ना."

आवाज बेकरीतून येत होता.

तिच्या हातातलं भांडं पडलं. ती धावली. बेकरीत कोणी नव्हतं. भट्टीचं झाकण लावलेलं होतं, आत टोस सुकत होते.

"आई, गरम होऊन राहिलं व. आई!"

झाकणाच्या मागून.

टीनाचा आवाज. रडताना ती जशी शेवटी हुंदका गिळते, तसाच गिळलेला हुंदका.

जगातली कोणतीही आई त्या क्षणी विचार करत बसली नसती. टीना सासूबरोबर आहे, तापल्या भट्टीत कोणी जिवंत राहू शकत नाही, हे सगळं नंतर सुचतं. पुष्पांजलीनं उघड्या हातानं झाकण फेकलं.

आत अंधार. आणि अंधारात, पार टोकाला...

पिवळा फ्रॉक.

पाठमोरी बसलेली. गुडघ्यात डोकं घालून.

"आली बाळा, आली मी! हात दे! माह्याकडे सरक!"

तिनं दोन्ही हात आत घातले. डोकं घातलं. खांदे घातले. कातडी भाजत होती, तिला कळतही नव्हतं. ती अजून आत सरकत होती. ती पाठमोरी पोरगी हळूच आणखी आत सरकली. जणू म्हणत होती, जरा पुढं ये, आई. अजून जरा.

आणि तेवढ्यात मागून हाक आली.

"आई? तू काय करून राहिली?"

पुष्पांजलीनं डोकं बाहेर काढून मान वळवली.

दारात टीना उभी होती. पिवळा फ्रॉक. हातात शामकलाबाईनं दिलेला मुरमुऱ्याचा लाडू.

भट्टीतलं रडणं थांबलं.

एकदम थांबलं. नळ बंद करावा तसं.

मग आतून, त्याच आवाजात, अगदी शांतपणे कोणीतरी म्हणालं...

"ती खोटी आहे, आई."

पुष्पांजली गोठली.

"टीना मी आहे. ती खोटी आहे. तिले सोड. मले काढ."

मला हे सांगताना पुष्पांजली नेहमी इथं थांबते. पाणी पिते. ती म्हणते, "वहिनी, भीती आवाजाची नाही वाटली. भीती याची वाटली की मले एक क्षण समजलंच नाही. माही पोरगी कोणती, ते मले समजलंच नाही. मी दारातल्या पोरीकडे पाहिलं अन् मले ती अनोळखी वाटली."

तिनं पुन्हा भट्टीत हात घातला.

हो. दारात लेक उभी असताना.

तिला वाचवलं सुशिलाबाईंनी. दुखरे गुडघे घेऊन म्हातारी कशी धावली देव जाणे. तिनं सुनेची वेणी धरून तिला मागं खेचलं, फरशीवर पाडलं आणि पायानं झाकण ढकलून लावलं. वरून मैद्याचं पोतं टेकवलं.

झाकणावर आतून तीन-चार थापा बसल्या. लहान हातांच्या.

मग काही नाही.

पुष्पांजलीचे हात खांद्यापर्यंत भाजले होते. हिमांशु तिला दवाखान्यात घेऊन गेला. 'बेकरीत भाजलं' म्हटल्यावर डॉक्टरांनी जास्त विचारलं नाही.

पट्ट्या बांधून घरी आल्यावर सुशिलाबाई तिच्या खाटेजवळ येऊन बसल्या.

"नाव घेतलं होतं ना?"

पुष्पांजलीनं मान हलवली. "पोरगी निखाऱ्यात जाऊन राहिली होती, आई. तोंडातून निघालं."

म्हातारी रागावली नाही. तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"तुह्या सासऱ्याचे हात पाहिले होते का कधी?"

"नाही. बाह्या असायच्या."

"असेच होते. इथपर्यंत." सुशिलाबाईंनी स्वतःच्या खांद्याला हात लावला. "हिमांशु लहान होता. माहा भाऊ पाहुणा आला होता, त्याले काय माहीत. भट्टीसमोर पोराले नावानं बोलावलं. मंग आठ-दहा दिवसांनी आतून हिमांशु रडाले लागला. अन् हे घुसले आत. चौघायनं ओढून काढलं."

"कोण आहे ते, आई?"

"मले माहीत नाही."

"मामाजीले माहीत होतं?"

"त्यायलेही नाही. त्यायच्या बापानं फक्त सांगतलं होतं का नाव घेऊ नको. कोण आहे, कायले आहे, कोणी कोणाले सांगतलं नाही. कदाचित कोणालेच माहीत नसन."

"मंग थांबलं कसं?"

"हिमांशुले आम्ही त्याच्या मामाकडे ठेवलं. तिकडेच शिकला. इकडे आवाज येतच राहिला. वर्षानुवर्षं. हे कानात बोळे घालून पाव भाजत. मंग हिमांशुचा आवाज फुटला, गडी माणसासारखा झाला, अन् त्याच महिन्यात भट्टीतला आवाज बंद झाला. मोठ्या माणसाचं त्याले काही करता येत नाही बहुतेक. लेकराचाच आवाज पाहिजे त्याले."

त्या थांबल्या. सुनेकडं पाहिलं. आणि हळूच म्हणाल्या,

"पोराचा आवाज फुटते व. पोरीचा..."



टीनाला दुसऱ्याच दिवशी आमच्याकडं तिरोड्याला आणून सोडलं. इथंच शाळेत घातलं. दीड-दोन तासांचा रस्ता आहे, इतक्या लांब ते काय करणार, असं सगळ्यांना वाटलं.

हिमांशु मात्र पेटला होता. माझ्या पोरीच्या आवाजात बोलणारी ती भट्टी ठेवतच नाही, म्हणाला. घरात शंभर वर्षांची रोजीरोटी होती ती, पण तो इलेक्ट्रिक ओव्हन घ्यायला तयार झाला. सुखराम मिस्त्रीला बोलावलं. भट्टी दोन दिवस थंड होऊ दिली.

सुखरामनं घुमटावर सब्बलीचा, लोखंडी पहारीचा, पहिला घाव घातला.

आतून किंकाळी आली.

टीनाची.

सुखराम सब्बल टाकून पळाला. आजही तो त्या गल्लीतून जात नाही.

आता जे सांगते ते माझ्या डोळ्यांसमोरचं. त्या सकाळी टीना माझ्या स्वयंपाकघरात बसून पोहे खात होती. चांगली हसत-बोलत होती. अचानक ताटली उडाली. पोरगी पाठ धरून किंचाळली. अशी किंकाळी मी आयुष्यात ऐकली नाही. मी तिचा फ्रॉक वर करून पाहिलं. पाठीवर मधोमध काळानिळा वळ उठला होता. सब्बलीच्या टोकाएवढा.

मी घाबरून पुष्पांजलीला फोन लावला.

तिकडून ती काही बोलायच्या आधीच मला मागून हिमांशु ऐकू आला. "तिरोड्याले फोन लाव! पहिले तिरोड्याले फोन लाव!"

त्यानंतर भट्टीला कोणी हात लावला नाही. तोडायची हिंमत नाही. विझवून कायमची थंड ठेवायचीही हिंमत नाही, कारण तसं केल्यानं इकडं टीनाला काय होईल कोणाला ठाऊक. हिमांशु अजूनही रोज तिथंच पाव भाजतो. मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावतो. गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत जो थोडा वेळ जातो, तेवढ्यातही त्याचा हात थांबतो, असं पुष्पांजली सांगते. सुशिलाबाई गेल्या उन्हाळ्यात वारल्या. शेवटच्या दिवसांत सुनेला एकच विचारायच्या, "अजून लहानच आहे का व आवाज?"

नाही. लहान राहिलेला नाही.

टीना आता आठ वर्षांची आहे. तिचा आवाज बदलला. जरा घोगरा झाला, बोबडेपणा गेला. भट्टीतल्या आवाजाचाही गेला.

मागच्या महिन्यात संध्याकाळी पुष्पांजलीचा फोन आला. आवाज दबलेला.

"वहिनी, टीनाले पाढे शिकवून राहिले का शाळेत?"

"हो. साताचा चालू आहे. काऊन?"

"चुकते का ती कुठं?"

मला हसू आलं. "एकाच ठिकाणी. सात सक त्रेचाळीस म्हणते. किती सांगितलं तरी त्रेचाळीसच."

मग ती म्हणाली,

"इथंही त्रेचाळीसच, वहिनी. तीन दिवसांपासून."

मग वाटलं, निदान एवढं तरी आपल्या हातात आहे. ही चूक सुधारायची. इकडं बरोबर झालं की तिकडचं वेगळं पडेल. मूर्खासारखा विचार, पण तेव्हा तोच सुचला.

मी टीनाला समोर बसवलं.

"सात सक किती?"

"त्रेचाळीस."

"अगं बेचाळीस. बोटं मोज बरं. बेचाळीस होतात ना?"

तिनं मोजलं. मग माझ्याकडं पाहिलं. शांत नजरेनं. पुष्पांजलीला त्या दिवशी दारात जी पोरगी अनोळखी वाटली होती, तिची नजर अशीच असेल का, हे मी आजवर कोणाला विचारलेलं नाही.

"मले माहीत आहे, मामी," ती म्हणाली. "बेचाळीसच होतात."

"मग त्रेचाळीस कायले म्हणते?"

टीनानं वही बंद केली.

"ती तसंच म्हणते ना. मंग मलेही तसंच म्हणावं लागते."